कुंपण आणि कुरण

चार वर्षांपूर्वीं आमच्या बेलापुरांतील वसाहतीच्या कांहीं मंडळींनीं एक अर्ज तयार केला, आणि त्यावर मींहि सही केली. अर्जाचा मजकूर थोडका होता. वसाहतीच्या पाठीमागें जी टेंकडी आहे तिच्या उतारावर आम्हीं पावसाळ्याच्या आरंभीं तीनशें रोपें लाविलीं होतीं. जवळच्या गांवठाणांतील एक वृद्ध गृहस्थ आपलीं दहाबारा गुरें रोज तेथें चारावयास आणीत. गुरें रोपें तुडवितात, गवत खाऊन टेंकडी उघडी पाडतात, तरी त्यांस मज्जाव व्हावा, अशी विनंति त्यांत केलेली होती. भाषा विनयाची होती. निसर्ग, पर्यावरण, भावी पिढ्या हे शब्दहि तींत योग्य त्या ठिकाणीं येऊन गेले होते. सही करितांना माझ्या मनांत यत्किंचितहि शंका आली नाहीं. उलट, एक सत्कृत्य हातून घडलें असा थोडासा संतोषच वाटला, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

अर्ज मान्य झाला. तारेचें कुंपण आलें, पहारेकरी आला, आणि गुरें यावयाचीं थांबलीं. पहिल्या पावसाळ्यांत टेंकडी अशी कांहीं हिरवीगार दिसली कीं, आम्हीं एकमेकांस धन्यवाद दिले. दुसऱ्या वर्षीं गवत छातीइतकें वाढलें. दिवाळीनंतर तें वाळलें, वाऱ्यानें आडवें झालें, आणि पुढच्या मृगांत उगवणारें कोवळें गवत त्या मेलेल्या गवताच्या गादीखालीं गुदमरूं लागलें. कडेकडेनें रानमोडी आणि घाणेरी आंत शिरलीं. तिसऱ्या वर्षीं फाल्गुनांत कोठून तरी ठिणगी पडली, आणि एका दुपारीं सारा उतार जळून काळा झाला. आमचीं रोपेंहि त्यांत गेलीं. संध्याकाळीं गच्चीवर उभे राहून आम्ही तो काळा उतार पाहत असतां माझे एक शेजारी म्हणाले, “गुरें असतीं तर एवढें गवत जळायला उरलेंच नसतें.” त्यांचीहि सही त्या अर्जावर होती.

एका टेंकडीवरून सिद्धान्त काढूं नये, हें मला समजतें. ठिणगी गवतानें टाकली नव्हती. ती माणसानेंच टाकली असली पाहिजे. नव्या मुंबईच्या भोंवतालचे डोंगर, खारघरचा काय किंवा पारसिकचा काय, उन्हाळ्यांत पेटलेले आपण वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. परंतु त्या संध्याकाळपासून एक प्रश्न माझ्या मागें लागला आहे. एखाद्या वस्तूवर आपलें प्रेम आहे, एवढ्याच कारणावरून ती दुसऱ्याच्या हातून काढून घेण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो काय? आणि तें प्रेम अजाण असलें, तर त्याचें पातक कोणाच्या माथीं?

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर आधीं गवताकडे नीट पाहिलें पाहिजे. आणि शहरांत राहणारा मनुष्य गवताकडे कधींच पाहत नाहीं, तो फक्त हिरव्या रंगाकडे पाहतो. झाडाची वाढ शेंड्याकडून होते. शेंडा खुडला कीं ती फांदी खुंटते. गवताचें तसें नाहीं. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत, बुडख्याशीं दडलेला असतो, आणि पातें खालून वर सरकत वाढतें. म्हणून गाईनें वरचें पातें ओढून खाल्लें तरी गवत मरत नाहीं. तें पुन्हां वाढतें. बंगल्यापुढील हिरवळीवर आपण यंत्र फिरवितों तें याच भरंवशावर. दांत आणि गवत यांचा हा संबंध कालपरवांचा नव्हे. माणसानें गाय गोठ्यांत बांधण्यापूर्वीं लक्षावधि वर्षें रानांतील खुरवाले प्राणी गवतावर जगत आले, आणि वाघ-लांडग्यांच्या भयानें एके ठिकाणीं फार काळ न थांबतां पुढें पुढें सरकत आले. ते खात, तुडवीत, शेण टाकीत आणि निघून जात. गवताला मग विसावा मिळे. कळप हलता ठेवणें हें लांडग्याचें काम पुढें गुराख्याकडे आलें. (गुराख्यांनीं या उपमेबद्दल रागावूं नये.)

मात्र गवताच्या या सहनशीलतेलाहि मर्यादा आहे. अमेरिकेंत क्रायडर नांवाच्या शास्त्रज्ञानें केलेले प्रयोग १९५५ सालीं प्रसिद्ध झाले. गवताचा वरचा भाग निम्म्याहून कमी कापला तर मुळांच्या वाढीस फारसा धक्का लागत नाहीं. त्याहून बराच अधिक कापला तर मुळें वाढावयाचीं थांबतात, आणि कापणी जितकी अधिक तितका हा थांबण्याचा काळ वाढत जातो, असें त्यांत आढळून आलें. म्हणजे जें वर दिसत नाहीं त्याचा हिशेब वर चाललेला असतो. तेंच रोपटें आठ दिवसांनीं पुन्हां ओरबाडलें, पुन्हां आठ दिवसांनीं ओरबाडलें, तर मूळ उथळ होतें, आणि पहिल्या दुष्काळांत तें गवत जातें. त्यांतहि जातें तें उत्तम गवत आधीं, कारण गुरें निवडून खातात. आपल्या दख्खनच्या माळांवर मारवेल, पवना, डोंगरी हीं बहुवर्षायु गोड गवतें. अतिचराईनें तीं मागें हटतात आणि कुसळी पुढें येते. कुसळीचें कुसळ मेंढराच्या लोंकरींत व तोंडांत रुततें, म्हणून पिकल्यावर तिला कोणी तोंड लावीत नाहीं. तीहि गेली म्हणजे चार महिन्यांचें विरळ गवत आणि मुरूम, एवढेंच उरतें. दबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ सालीं भारतांतील गवताळ प्रदेशांचें जें मोठें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत ही उतरंड पायरीपायरीनें मांडलेली आहे. कोणतें गवत उभें आहें हें पाहून त्या माळावर काय गुदरलें हें सांगतां येतें. माळ स्वतःचा इतिहास लिहून ठेवीत असतो. आपल्याला ती लिपि येत नाहीं, इतकेंच.

तेव्हां चराईनें नाश होतो हें खोटें नाहीं, आणि तें विसरून गुराख्याचें स्तोत्र गाणें हाहि एक शहरी छंदच ठरेल. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, हिवरे बाजारचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. अल्प पावसाच्या त्या गांवीं डोंगर उघडे पडले होते, विहिरी आटल्या होत्या, माणसें मजुरीसाठीं बाहेर जात होतीं. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळांत, १९९० पासूनच्या दशकांत, गांवानें स्वतःवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी घालून घेतली. डोंगरावर चर खणले, पाणी अडविलें. गवत वाढूं लागलें तेव्हां त्यांत गुरें सोडावयाचीं नाहींत, विळ्यानें कापून घरीं न्यावयाचें, असा नियम केला. पाणी आलें, गवत आलें, दूध वाढलें, गेलेलीं माणसें परत आलीं. त्याआधीं राळेगणसिद्धीनें हाच मार्ग दाखविला होता, आणि १९९२ पासून राज्याच्या आदर्श गांव योजनेनें हींच बंधनें इतर गांवांपुढें ठेविलीं. थकलेल्या जमिनीला विश्रांति दिली तर ती कशी उठून बसते, याचें यापेक्षां चांगलें प्रमाण कोणास पाहिजे?

आमच्या अर्जांतहि हिवरे बाजाराचें नांव होतें. आम्हीं त्या गांवाचा शब्द उचलला, परंतु त्यामागील गोष्ट उचलली नाहीं. तिकडे वळण्यापूर्वीं दुसऱ्या बाजूचीं दोन उदाहरणें सांगितलीं पाहिजेत, कारण अर्ज लिहितांना तीं आमच्यापैकीं एकालाहि ठाऊक नव्हतीं.

राजस्थानांत भरतपूर येथें केवलादेव नांवाचें पाणथळ पक्ष्यांसाठीं जगप्रसिद्ध आहे. तेथें भोंवतालच्या गांवांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या चरत असत. राष्ट्रीय उद्यान करावयाचें म्हणून १९८२ सालीं चराई बंद करण्यांत आली. गांवकऱ्यांनीं प्रतिकार केला, गोळीबार झाला, आणि त्यांत माणसें मेलीं. इकडे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तेथें १९८० पासून दहा वर्षें अभ्यास चालला होता. त्याचा निष्कर्ष बंदी घालणाऱ्यांना अनपेक्षित असा निघाला. पाण्यांत पसरणाऱ्या एका गवताला (शास्त्रज्ञ त्यास पॅस्पालम डिस्टिकम म्हणतात) म्हशी आवरून धरीत होत्या. म्हशी गेल्या, गवतानें उघडें पाणी व्यापलें, आणि ज्यांच्यासाठीं हें सारें केलें त्या बदकांना व इतर पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. या संस्थेंतील थोरांचें मत पूर्वीं बंदीकडेच झुकणारें होतें. आपल्याच मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष तिनें दडवून ठेविला नाहीं, याबद्दल तिचें कौतुक वाटतें. परंतु त्या गोळीबारांत पडलेल्या माणसांना तो निष्कर्ष वाचावयास मिळाला नाहीं.

दुसरें उदाहरण घरचें आहे. साताऱ्यापासून सुमारें २५ किलोमीटरांवर कासचें पठार. पावसाळ्याच्या अखेरीस तेथें गेंद, तेरडा, सीतेची आसवें यांचे जे पट्टे फुलतात ते पाहावयास आतां मुंबईपुण्याहून माणसांची रीघ लागते. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील स्थळांबरोबर त्याचें नांव जागतिक वारशाच्या यादींत गेलें. गर्दी आवरण्यासाठीं पठारास जाळीचें कुंपण घातलें; त्या कुंपणानें प्रवाशांबरोबर गुरेंहि बाहेर ठेविलीं. पुढें आसपासचे गांवकरी आणि कांहीं वनस्पतींचे जाणकार म्हणूं लागले कीं, गुरें थांबल्यापासून उंच गवत माजत चाललें आहे आणि फुलें घटत चाललीं आहेत. यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. कातळावरच्या बोटभर मातींत उगवणारीं तीं फुलझाडें वीतभरहि उंच नसतात. त्यांना ऊन मिळावयाचें तर शेजारचें गवत कोणी तरी खाल्लें पाहिजे. अखेरीस तें कुंपण काढण्यांत आलें. आतां, फुलें कमी होण्यास पावसाचा लहरीपणाहि कारण असेल, प्रवाशांचे पायहि असतील. वाद संपला असें मी म्हणत नाहीं. परंतु जी गाय फुलांची शत्रु म्हणून बाहेर काढली, तिचा त्या फुलांशीं कांहीं जुना करार असावा, ही शक्यता कुंपण घालतांना विचारांत आली नव्हती, एवढें स्पष्ट आहे.

हिवऱ्याला बंदीनें तारलें आणि भरतपुरास बंदीनें बुडविलें, याचा अर्थ लावावयाचा कसा? एक अर्थ शास्त्राचा आहे. थोड्या पावसाचा, झिजलेला डोंगर निराळा, आणि धो धो पावसाचें कातळपठार किंवा पाणथळ निराळें. एकाला विसावा पाहिजे, दुसऱ्याला दांत. शिवाय चरणें म्हणजे काय, हें किती गुरें, कोणत्या महिन्यांत, किती दिवस यांवर ठरतें. पहिल्या पावसांत कोंब फुटत असतां आणि पुढें बीं धरत असतां गवताला सोडून द्यावें, मधल्या काळांत चारावें, हा साधा नियमहि टेंकडीचें रूप पालटून टाकतो. ‘चराई चांगली कीं वाईट’ हा प्रश्न ‘जेवण चांगलें कीं वाईट’ या प्रश्नासारखाच निरर्थक आहे.

दुसरा अर्थ नीतीचा आहे, आणि मला तो अधिक टोंचतो. हिवऱ्याची बंदी हिवऱ्याच्या माणसांनीं घातली. ज्यांचीं गुरें बांधावीं लागणार होतीं त्यांनींच ग्रामसभेंत हात वर केले, आणि वाढलेल्या गवतावर विळा चालवावयाचा हक्कहि त्यांचाच राहिला. तेथेंहि चार शेळ्यांवर पोट असलेल्या भूमिहीनाचा हात किती उंच गेला असेल, ही शंका मला पुसून टाकतां येत नाहीं. चराईबंदीचा पहिला घाव सर्वत्र शेळीवर पडतो, आणि शेळी ही गरिबाचीच असते. तरीहि तो एक संयम होता. आमच्या टेंकडीवर जें झालें तो संयम नव्हता. ज्यांच्या घरीं एक कोंबडीहि नाहीं अशा साठ माणसांनीं, ज्याच्या घरीं बारा गुरें आहेत अशा एका माणसावर, साठ सह्यांनीं लादलेली ती बंदी होती. आम्हांस तिची किंमत एक कपर्दिकहि पडली नाहीं. जो त्याग करावयाचा तो दुसऱ्यानें, आणि पुण्य मात्र आमच्या खातीं, असा तो व्यवहार होता.

सुशिक्षितांच्या मनांत एक समजूत दृढ होऊन बसली आहे कीं, जें सर्वांचें असतें त्याचा नाश होतोच. अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनीं १९६८ सालीं एक निबंध लिहून तिला सिद्धान्ताचें रूप दिलें. त्यांचा दृष्टान्तहि कुरणाचाच. कुरण सामाईक, प्रत्येक गुराखी म्हणतो, मी आणखी एक गाय सोडली तर लाभ माझा, हानि सर्वांची, सगळेच असें म्हणतात, आणि कुरण संपतें. हा युक्तिवाद इतका सुबक आहे कीं तो खरा कीं खोटा हें पाहावयास कोणी कुरणावर जात नाहीं. जीं माणसें गेलीं त्यांना निराळेंच दिसलें. स्वित्झर्लंडांतील टोर्बेल नांवाच्या डोंगरी गांवानें १५१७ सालींच नियम करून ठेविला होता कीं, हिवाळ्यांत जितकीं गुरें तुम्ही घरच्या चाऱ्यावर पोसूं शकतां, तितकींच उन्हाळ्यांत सामाईक कुरणावर सोडावीं. हार्डिन यांचा लोभी गुराखी एकटा आहे, मुका आहे, त्याला शेजारी नाहीं. खऱ्या गांवांतील गुराख्याला दहा डोळे पाहत असतात. एलिनोर ऑस्ट्रम या विदुषीनें १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत अशीं कितीएक गांवें गोळा करून मांडलीं, आणि २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक तिला मिळालें.

अशा मर्यादा आपल्याकडेहि होत्या. शिवछत्रपतींनीं चिपळुणाकडील छावणीस लिहिलेलें पत्र सर्वश्रुत आहे. सांठविलेलें दाणागवत आतांच बेहिशेबीपणें उधळाल तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, आणि निष्काळजीपणानें आग लागली तर गवताच्या गंजी जातील, अशी त्यांत ताकीद आहे. ज्या राजाचें बळ घोड्यावर, त्याला गवताच्या काडीचा हिशेब ठेवावाच लागे. रयतेचाहि हिशेब होता. आमच्या या खाडीकांठच्या गांवांत पावसाळ्यांत भातखाचरें राखावयाचीं म्हणून गुरें डोंगराकडे जात, आणि भात कापून झालें कीं डोंगर सोडून खाचरांत उतरत. रायगड जिल्ह्यांत घाटावरून धनगरांचे कळपहि याच सुमारास, दिवाळीनंतर, खालीं येतात. शेतकरी त्यांना शेतांत मेंढ्या बसवावयास बोलावितो. रात्रीं वाघरींत कोंडलेल्या मेंढ्यांच्या लेंडीमुतानें खाचर खतावतें, आणि धनगरास धान्य किंवा पैसे मिळतात. मृगाच्या आधीं कळप पुन्हां घाट चढून माणदेशाकडे, बारामती-फलटणच्या माळांकडे जातात, कारण मेंढीला कोंकणचा पाऊस सोसत नाहीं. या येण्याजाण्यांत कोंकण विसावतें तेव्हां देश चरला जातो, आणि देश विसावतो तेव्हां कोंकण. हें कोणी योजून ठरविलें असें नाहीं. परंतु कोणत्याहि खात्याला याहून चांगलें वेळापत्रक करतां आलें असतें असें मला वाटत नाहीं.

हें सारें विस्कटलें कसें, याचा इतिहास लांब आहे. इंग्रज सरकारच्या जंगल खात्यानें डोंगर व कुरणें आपल्या ताब्यांत घेतलीं, तेव्हां गरीब शेतकऱ्याच्या गाईबकऱ्यांना पाय टेकावयास जागा उरली नाहीं, ही तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत मांडली आहे. १९३० सालीं सत्याग्रह करावयाचा तर मीठ उचलण्याबरोबर गवत कापणें हाहि गुन्हा हाताशीं होता. लोकनायक बापूजी अणे यांनीं त्या वर्षीं जुलैंत पुसदच्या रानांत गवत कापून कायदा मोडला. आणि त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला उरण तालुक्यांतील चिरनेर येथें, अक्कादेवीच्या डोंगरावर, जंगल सत्याग्रहांत गोळीबार होऊन गांवकरी धारातीर्थीं पडले. चिरनेर आमच्या गच्चीपासून फार दूर नाहीं. आम्ही दरवर्षीं तेथील स्मृतिदिनाची बातमी वर्तमानपत्रांत वाचतों, आणि डोंगरावर कोणाचा हक्क, या प्रश्नासाठीं माणसें तेथें मेलीं हें विसरून पान उलटतों.

या इतिहासांत एका लहानशा शब्दानें फार मोठें काम केलें आहे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’. ज्या जमिनीवर पीक नाहीं, झाड नाहीं, ती पडीक. आणि पडीक म्हटली कीं ती सुधारलीच पाहिजे. आम्हीं त्या उतारावर रोपें लाविलीं तीं याच बुद्धीनें. तेथें गवत होतें, म्हणजे आमच्या मतें तेथें कांहींच नव्हतें. सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य झालें. ज्या पक्ष्याच्या नांवांतच माळ आहे, त्याला झाडांची सावली नको, उघडा माळच पाहिजे, हें आपणांस तो पक्षी जवळजवळ नाहींसा होईपर्यंत पुरतें उमगलें नाहीं.

नव्या मुंबईची गोष्ट याहून निराळी नाहीं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या बाजूंच्या ९५ गांवांच्या जमिनीवर हें शहर वसलें. त्या प्रत्येक गांवाला भातखाचरांखेरीज डोंगराची कड आणि थोडेंबहुत गुरचरण असे. गुरांच्या मोफत चराईसाठीं जमीन राखून ठेवण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि आहे. परंतु शहराला जमीन पाहिजे असली म्हणजे आधीं नजर जाते ती अशाच जागेकडे, कारण ती कोणा एकाची नसते. त्या जागेवर घर घेऊन राहणाऱ्या माझ्यासारख्यानें आतां शहरच नको म्हणणें हा ढोंगीपणा होईल. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, आमची इमारत ज्या जागेवर उभी आहे ती पूर्वीं काय होती, हें मीं कधीं विचारलें नव्हतें.

तें मला गेल्या आषाढांत कळलें. बरेच दिवस मनांत घोळत होतें, अखेर एका रविवारीं मी गांवठाणांत जाऊन त्या वृद्ध गृहस्थांचें घर शोधून काढलें. मी त्यांना काका म्हणालों, ते मला साहेब म्हणाले, चहा झाला. अर्जावर माझी सही होती हें मीं सांगून टाकलें. त्यांना तें ठाऊक होतें. यादी त्यांनीं मुलाकडून वाचून घेतली होती. ते रागावले नाहींत. रागावले असते तर मला अधिक बरें वाटलें असतें. आमची वाहनें जेथें उभीं असतात तेथें त्यांच्या लहानपणीं गांवाचीं गुरें उभीं राहत, असें त्यांनीं सहज सांगितलें. जमिनी गेल्यावर ती टेंकडी तेवढी उरली होती. म्हणजे दहा हिश्श्यांपैकीं नऊ हिस्से आम्ही येण्यापूर्वींच गेले होते, आणि दहाव्याविरुद्ध आम्हीं अर्ज केला होता. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ ही म्हण मी जन्मभर वापरीत आलों. कुसळ हें गवताचें असतें, हें मात्र त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आलें.

मग ते टेंकडीविषयीं बोलूं लागले, आणि मी तासभर ऐकत बसलों. मृगाचे पहिले पंधरा दिवस ते गुरें वर नेत नसत, नाल्याच्या कडेनेंच फिरवीत. खूर बुडेल इतकें गवत झाल्यावरच वर चढवीत. खालचा अर्धा उतार गणपतीपर्यंत, मग वरचा; माथ्यावरील पट्टा मात्र बीं गळून पडेपर्यंत राखून ठेवावयाचा, कारण वारा तें बीं सगळ्या उतारावर पसरतो. रानमोडीचें रोप दिसलें कीं ते चालतां चालतां उपटून टाकीत. आमच्या रोपांविषयीं ते म्हणाले कीं, प्रत्येक रोपाभोंवतीं कांट्याची फांदी रोवली असती तर गुरानें तोंड लावलें नसतें, आणि हें काम त्यांनीं दोन दिवसांत करून दिलें असतें. मग तसें आम्हांस कां सांगितलें नाहीं, असें मीं विचारलें. ते म्हणाले, “विचारलं कुणी?”

गुरें त्यांनीं कुंपण झालें त्याच वर्षीं विकलीं. एक गाय ठेविली आहे, तिला विकतचा चारा घालतात. मुलगा न्हाव्याच्या बंदरांत कामाला आहे. गुरांमागें जाणारें घरांत कोणी नाहीं. अर्ज झाला नसता तरी दोनचार वर्षांत गुरें विकावींच लागलीं असतीं, असेंहि ते म्हणाले. हें खरें होतें, कीं घरीं आलेल्या पाहुण्याचें मन राखण्यासाठीं म्हटलेलें होतें, हें मला अद्याप कळलेलें नाहीं. आणि खरें असलें तरी त्यानें माझ्या सहीचा अर्थ बदलत नाहीं.

वसाहतीच्या सभेंत मीं हा विषय काढला. कुंपणाला एक फाटक ठेवून गुरें पुन्हां येऊं द्यावीं, या सूचनेला पांच मतें पडलीं. शिवाय गुरें आणावयाचीं कोणाचीं, हा प्रश्न एकानें विचारला, त्याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. शेवटीं एवढें ठरलें कीं, यंदा कार्तिकांत टेंकडीवरील गवत कापवून घ्यावें, आणि कुंपणालगत जाळरेषा काढावी. कोठून कापावयास आरंभ करावा हें दाखविण्यासाठीं काकांनीं यावें, अशी मीं त्यांना विनंति केली. ते येतों म्हणाले आहेत. कापलेल्या गवतांतून त्यांच्या गाईला पुरेल इतका चारा बाजूला काढावा, आणि माथ्यावरच्या पट्ट्याला मार्गशीर्ष लागेपर्यंत कोणी विळा लावूं नये, अशा त्यांच्या दोन अटी आहेत. पहिली अट सभेनें लगेच मान्य केली. दुसरीवर अजून चर्चा चालली आहे, कारण वाळलेलें गवत तेवढे दिवस उभें राहिलेलें कांहीं मंडळींना बरें दिसत नाहीं.